पहिल्या रात्रीचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की लातुरात खोल्या शोधण्याचा हंगाम सुरू होतो. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून आलेले आईबाप मुलाची गुणपत्रिका पिशवीत घालून गल्लोगल्ली फिरतात. शिकवणी किती लांब, डबा कुठला, एका खोलीत पोरं किती, नळाला पाणी किती दिवसांआड, असे प्रश्न विचारत घरमालकांच्या पायऱ्या चढतात. काही घरांतली आई स्वतःच पोरासोबत येते आणि गावाकडचं शेत, सासू-सासरे मागे ठेवून दोन वर्षं भाड्याच्या खोलीत संसार मांडते. 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं ते शाहू आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांमुळे. पण तो पॅटर्न उभा आहे तो या खोल्यांवर, डबे देणाऱ्या बायांवर आणि वरचा मजला पोरांना भाड्यानं देणाऱ्या घरांवर.

तरीही बहुतेक ठिकाणी घरमालक खाली आणि पोरं वर, असाच मामला असतो. भाडं वेळेवर मिळतं, मोटर लावण्यावरून कधी कुरबूर होते, सणाला एखादी पुरणपोळी वर जाते. दोन वर्षं एका छपराखाली काढून एकमेकांचं स्वयंपाकघर न पाहिलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत.

हीच मुलं पुढं परदेशी जातात. पूर्वी घरातून एखादाच जाई, आता गावागावांतून जातात. कुणी एमएसला अमेरिकेत, कुणी नर्सिंगसाठी नाहीतर हाताला कौशल्य घेऊन जर्मनीत. विमानात बसण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर खोली ठरते. खोलीतले चौघं आपलेच असतात, कुकर आणि मसाल्याचे डबे बॅगेत असतात, इंडियन स्टोअर चालत दहा मिनिटांवर असतं. यात दोष काढण्यासारखं काही नाही. परक्या मुलखात भाडं वाटून घ्यावं लागतं आणि संध्याकाळी मराठीत चार शब्द बोलावेसे वाटतात. पण दोन वर्षांनी तो मुलगा परत येतो तेव्हा विद्यापीठ, मॉल आणि विमानतळ एवढंच सांगू शकतो. तिथली माणसं घरात कशी भांडतात, म्हाताऱ्यांना कसं वागवतात, रविवारी काय करतात, घरात पैशांचं बोलणं मुलांसमोर होतं की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. तो त्या देशात राहिला, पण तिथल्या कुठल्या घरात राहिला नाही.

म्हणून आग्रह असा, की मराठवाड्यातल्या मुलामुलींनी संधी मिळेल तेव्हा तिथल्या एखाद्या कुटुंबात राहावं. आणि तेवढ्याच आग्रहानं, नांदेड-लातूरच्या घरांनी परदेशी मुलांना आपल्यात ठेवून घ्यावं. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण जगभर ही व्यवस्था देवाणघेवाणीवरच चालते.

त्यातली सगळ्यांत पसरलेली वाट रोटरीची. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराच्या रोटरी क्लबनं मुलांची अदलाबदल सुरू केली. तिची आजची रीत अशी: साधारण १५ ते १९ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एक शैक्षणिक वर्ष परदेशातल्या शाळेत जाते आणि त्या वर्षात एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहते. कुटुंबाला यासाठी पैसे मिळत नाहीत. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च मुलाच्या घरचा. राहणं, जेवण, शाळा ही यजमानांची जबाबदारी. इथून एक मूल गेलं तर तिकडून एक येणार, हा हिशेब. नांदेडलाही रोटरी क्लब आहे आणि लातूरलाही.

दुसरी वाट एएफएसची. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची ही संघटना. दुसऱ्या महायुद्धातही तिनं रुग्णवाहिका चालवल्या, आणि युद्ध संपल्यावर १९४७ पासून विद्यार्थ्यांची अदलाबदल सुरू केली. जखमी पाहिलेल्या माणसांना असं वाटलं, की मुलं एकमेकांच्या घरी वाढली तर पुढची लढाई टळण्याची थोडी तरी आशा आहे. तिसरी वाट शिष्यवृत्तीची. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, त्यानंतर तिथल्या काँग्रेसनं केनेडी आणि लुगर या दोन सिनेटरांच्या नावानं 'यस' ही शिष्यवृत्ती काढली. मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांना वर्षभर अमेरिकी कुटुंबात ठेवण्याची ही योजना, आणि प्रवासासह खर्च शिष्यवृत्तीतूनच. भारतातली मुलंही तिच्यातून गेली आहेत. अशा संधीची बातमी नांदेडच्या उर्दू शाळांपर्यंत आणि लातूरच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत पोहोचली पाहिजे. नाहीतर परदेशातलं घर ही पैसेवाल्यांच्या पोरांचीच मिरास होऊन बसेल.

रोटरीच्या अदलाबदलीत एक साधा कागद वापरतात. त्याला 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' म्हणतात. मूल घरात आलं की त्याच रात्री, नाहीतर लवकरात लवकर, यजमान आणि मूल समोरासमोर बसून ही यादी वाचतात. पहिला प्रश्न असतो: तुम्हाला मी काय म्हणू? मग पुढचे. अंथरूण मी आवरायचं का? मळके कपडे कुठं टाकायचे? कपडे मी धुवायचे की तुमच्याबरोबर धुतले जातील? न्हाणीघर कोण कधी वापरतं? भूक लागली तर फ्रिज उघडलेला चालेल का? घरातली कोणती कामं रोज माझ्याकडे? रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येईल? वाचताना हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण एखादं घर कसं चालतं हे ज्या गोष्टींवरून कळतं, त्या नेमक्या याच. आपल्या घरात त्या कुणी कधी बोलून दाखवलेल्या नसतात, कारण लहानपणापासून त्या अंगवळणी पडलेल्या असतात.

आपल्याकडची खरी अडचण इथंच आहे. मराठवाड्याचा पाहुणचार हातचं राखून होत नाही. दारात आलेल्याला पाणी, चहा, मग जेवूनच जाण्याचा आग्रह, ताटात नको म्हणता म्हणता पडलेली आणखी एक भाकरी. परदेशी पाहुणा आला तर विचारायलाच नको. त्याला पंख्याखालची जागा आणि स्टीलऐवजी काचेचा ग्लास मिळतो, शेजारपाजारचे फोटो काढायला येतात. आठ दिवस हे छान वाटतं. पुढं त्या पोराला कळत नाही की आपण घरातले आहोत की लग्नातले वऱ्हाडी. त्यानं ताट उचललं की आई धावत येते, 'अहो, राहू द्या, राहू द्या.' हा जिव्हाळा खराच असतो. पण जोवर त्याच्या हातात खरकटं ताट देत नाही, तोवर आपण त्याला उंबऱ्याच्या बाहेरच ठेवलेलं असतं.

आणि आपली मुलं तिकडं जातात तेव्हा हीच गोष्ट उलटी होते. बारावीपर्यंत ज्याला घरात 'तू फक्त अभ्यास कर' एवढंच सांगितलं गेलं, ज्यानं कधी स्वतःचं ताट धुतलं नाही, तो मुलगा जर्मन किंवा अमेरिकी घरात पहिल्या आठवड्यातच अडतो. तिथं त्याला कुणी मुद्दाम कामाला लावत नाही. घरातली सगळीच माणसं काम करतात, एवढंच. बाप भांडी मशिनमध्ये लावतो, बारा वर्षांची मुलगी कुत्र्याला फिरवून आणते, आजोबा गवत कापतात. त्यात हा एकटा खुर्चीवर बसलेला दिसतो. मुलींना ही अडचण कमी येते, कारण त्यांना आपण घरकामातून सोडलेलं नसतं. पण त्यांना दुसरा धक्का बसतो. बाप मोजे घड्या करून ठेवतोय आणि आई वर्तमानपत्र वाचतेय, हे दृश्य त्यांनी पाहिलेलं नसतं. ज्या मुलीनं ते वर्षभर पाहिलं, ती इथं परत आल्यावर लग्नाच्या बोलणीत वेगळे प्रश्न विचारील. विचारावेतच.

परदेशातलं घर शिकवतं ते अशा बारीकसारीक गोष्टींतून. जर्मनीत कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडतात, पाच-दहा मिनिटं गार वारा घरात फिरू देतात आणि मग बंद करतात. आपल्या मुलाला वाटतं ही माणसं वेडी आहेत. ओल धरून भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून हे करतात, हे घरातली आजी सांगते. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागदाचा वेगळा, ओल्याचा वेगळा, वेष्टनांचा पिवळा. प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की २५ सेंट मिळतात, म्हणून बाटल्या पिशवीत साठवायच्या. रात्रीचं जेवण बहुधा थंड, ब्रेड, चीज आणि काकडी. वरणभाताची वाट पाहणाऱ्या पोटाला ते काही दिवस जड जातं. रविवारी ड्रिल मशिन लावायचं नाही, काचेच्या कचऱ्याच्या डब्यात बाटल्याही टाकायच्या नाहीत, शेजाऱ्यांची शांतता मोडते. नैऋत्येच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, विशेषतः श्वाबेन भागात, जिना आणि घरासमोरची वाट झाडण्याची पाळी आठवड्या-आठवड्यानं एकेका घराकडे जाते. त्या पाळीला केअरवोखे म्हणतात. याच राज्याबरोबर महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या करारानं जे तरुण जातील त्यांना भाषा शिकवली जाईलच. पण जिन्याच्या पाळीचं वेळापत्रक आधी घरात राहिलेल्यालाच समजतं. ते न समजलेला माणूस शेजाऱ्यांच्या नजरेत वर्षानुवर्षं उपराच राहतो.

जपानचं उदाहरण लातूरकरांना अधिक जवळचं वाटेल. तिथल्या घरात टबाबाहेर अंग घासून, धुऊन मगच गरम पाण्याच्या टबात बसायचं, आणि टबातलं ते एकच पाणी घरातल्या सगळ्यांनी एकामागून एक वापरायचं. शेवटी तेच पाणी अनेक घरांत नळीनं कपडे धुण्याच्या मशिनमध्ये घेतात. ज्या शहरानं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं, पहिल्या गाडीतलं पाच लाख लिटर, त्या शहरातल्या मुलीला हे पाहून परकं वाटणार नाही. आंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालणारी तिची आई तिला आठवेल. जेवताना तिनं लातूरच्या त्या उन्हाळ्याची हकिगत सांगितली, तर ते जपानी घर मान खाली घालून ऐकेल. घरात राहण्याचा फायदा हाच, की आपल्याकडे द्यायला काय आहे तेही तिथंच कळतं.

मराठी माणसाच्या परदेशी घराची सगळ्यांत मोठी गोष्ट एका दंतवैद्याच्या दवाखान्यात सुरू झाली. १८८० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी पडलेल्या मिशनरी मासिकात त्यांना गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार दिसला. बायकोला, आनंदीबाईंना, अमेरिकेत शिकवावं यासाठी हा टपालखात्यातला गृहस्थ मिशनऱ्यांकडे मदत मागत होता, आणि उत्तरात त्याला धर्मांतराचा सल्ला मिळत होता. कार्पेंटरबाईंनी ओळखदेख नसताना आनंदीबाईंना पत्र धाडलं. पुढची काही वर्षं समुद्रापलीकडे पत्रं जात-येत राहिली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय १८. फिलाडेल्फियाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंतचे महिने त्या रोझेलच्या घरात राहिल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत.

त्या घरानं काय केलं, तर फारसं काहीच केलं नाही, आणि तेच मोलाचं होतं. आनंदीबाईंचा शाकाहार, त्यांचं लुगडं, त्यांचा धर्म यांत कार्पेंटर कुटुंबानं हात घातला नाही. निघण्याआधी सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मिशनरी सोबतिणींबरोबरच्या समुद्रप्रवासात त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. रोझेलला ती कटकट नव्हती. पुढं फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी सोसेना, तेव्हा त्यांनी लुगडं गुजराती धाटणीनं नेसायला सुरुवात केली. तो बदल त्यांनी स्वतः, गरजेपुरता केला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. न मानवणारा आहार आणि थंडी यांनी तब्येत तोवर पोखरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली गेली. एका मराठी ब्राह्मण मुलीच्या नावाचा दगड परक्या कुटुंबाच्या थडग्यांमध्ये आजही आहे. शिष्यवृत्ती, महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली, गोपाळरावांची जिद्द, हे सगळं होतंच. पण बोटीतून उतरल्यावर जायला एक घर नसतं, तर आनंदीबाईंचं पहिलं वर्ष कसं गेलं असतं, याची कल्पना करवत नाही.

आता आपल्या घरांकडे वळावं, आणि तिथं मनाला लागेल ते बोलावंच लागेल. लातूर असो, नांदेड असो, खोली बघायला गेलेल्या मुलाला कित्येक दारांत पहिला प्रश्न येतो, 'आडनाव काय?' गाव कुठलं, अभ्यास कसा, हे नंतर. आडनाव कळलं की खोली अचानक 'कालच गेली' असते. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, आज एका घरी, उद्या दुसऱ्या. त्या उपकारावर पिढ्या शिकल्या, पण ते ताट जातीच्या आतच फिरायचं. म्हणून तर राजर्षी शाहूंना १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभारावी लागली.

याची सगळ्यांत जळजळीत साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं ते सांगतात. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला आले तेव्हा आगगाडीतून उतरल्याबरोबर पहिला प्रश्न पडला: जायचं कुठं? पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोघांनीही घरात घेतलं नाही. त्याच पुस्तिकेत १९३४ चा दौलताबादच्या किल्ल्यावरचा प्रसंगही आहे. तिथल्या हौदावर हातपाय धुतले म्हणून बाबासाहेबांच्या सोबतच्या मंडळींवर लोक धावून आले. दौलताबाद मराठवाड्यातच आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० नंबरच्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. ते चांगलंच झालं. पण लंडनचं घर विकत घेणाऱ्या राज्यातल्या शहरांत एखाद्या पोराला खोलीसाठी आडनाव लपवावं लागू नये, एवढं तरी व्हायला हवं.

हे इथं सांगण्याचं कारण आहे. परदेशी मूल घरात ठेवायचं म्हणजे त्याच्या खाण्यापिण्याबद्दल, देवाधर्माबद्दल, रंगाबद्दल आपल्या घराला उत्तरं द्यावी लागतात. 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' आपल्याकडे लिहायचे झाले तर त्यांत काही आणखी घालावे लागतील. पाळीच्या दिवसांत मी स्वयंपाकघरात येऊ का? कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कप का? गल्लीतल्या कुणाच्या घरी जेवलेलं तुम्हाला चालणार नाही, आणि का? ब्राझीलची सतरा वर्षांची मुलगी हे निरागसपणे विचारील. आपल्याच मुलीनं विचारलं तर आपण गप्प बसवतो. पाहुणीला उत्तर द्यावं लागतं, आणि ते देताना घरातली मुलं ऐकत असतात.

आणि दाखवायला आपल्याकडे काय कमी आहे? ऑगस्टमध्ये आलेलं मूल दसऱ्याला नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक पाहील. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली पालं. लगेच अमावास्येला लातूर-धाराशिवची येळवस. त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तिच्यात पांडव मांडलेले, बायकांनी पहाटेपासून रांधलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातलं आंबील. ज्यांचं शेत नाही त्यांना कुणाच्यातरी शेतात बोलावणं असतंच. त्या परदेशी पोराला पंगतीत मान देऊन बसवू नका. त्याच्या डोक्यावर आंबिलाचं मडकं द्या, ते सांडू न देता बांधावरून चालायला लावा. त्याला ते जन्मभर आठवेल.

नांदेडचं तर वेगळंच आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला तेव्हापासून या गावात बाहेरची माणसं येतच आहेत. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला सारं शहर नव्यानं बांधून निघालं. आज कॅनडा, इंग्लंडमध्ये जन्मलेली शीख मुलं आजी-आजोबांबरोबर येतात, एनआरआय यात्री निवासात उतरतात, लंगरमध्ये जेवतात, सेवा करतात आणि परत जातात. लंगरची गोष्ट मोठी आहे: आलेल्यानं जेवायचं आणि जेवलेल्यानं भांडी घासायची. पाहुण्याला कामाला लावण्यात कमीपणा नाही, हे नांदेडकर शतकानुशतकं डोळ्यांसमोर पाहत आले आहेत, फक्त आपल्या घरात आणत नाहीत. त्या मुलांनी आठ दिवस एखाद्या दखनी शीख किंवा मराठी कुटुंबात काढले, तर गोदावरीकाठचं हे गाव त्यांना तीर्थापलीकडेही कळेल.

अडचणी खऱ्या आहेत. सगळ्यांत मोठी वयाची. अदलाबदलीचं वय आणि लातूरचं अकरावी-बारावी-नीटचं वय एकच. कुठला बाप म्हणेल, एक वर्ष ऑस्ट्रियाला राहून ये, नीट पुढच्या वर्षी? यावर उत्तर असं, की वर्ष वाया गेलं असं मानणं सोडावं लागेल. राज्यभर आता अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. दहावीनंतर वर्षभर परदेशी शाळेत जाऊन आलेल्या मुलाला त्यात विनासायास परत येता यावं, अशी स्पष्ट तरतूद शिक्षण खात्यानं करावी. ज्यांना शाळेच्या वयात जमलं नाही त्यांच्यासाठी जर्मनीत ऑ पेअरची वाट आहे. २७ वर्षांच्या आतले तरुण जर्मन भाषेची ए-१ पातळी गाठून एखाद्या कुटुंबात सहा महिने ते एक वर्ष राहतात, मुलं सांभाळतात, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम करतात. राहणं-जेवण आणि महिन्याला २८० युरो हातखर्च मिळतो. मात्र कामाचे तास वाढवून मुलींना मोलकरणीसारखं राबवणारी घरंही असतात. करार वाचल्याशिवाय आणि त्या घरात आधी राहिलेल्या मुलीशी बोलल्याशिवाय कुणी जाऊ नये. रोटरीच्या वाटेवर यजमान घरांची आधी पडताळणी होते, जमलं नाही तर घर बदलून मिळतं, आणि दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणं, प्रेमप्रकरण या चारही गोष्टींना सक्त मनाई असते. आयांना एवढं सांगितलं तरी निम्मी धास्ती कमी होईल.

परदेशी मूल घरी ठेवणाऱ्याला २४ तासांच्या आत परदेशी नागरिक आल्याची नोंद करावी लागते. ती आता ऑनलाइन होते, आणि शंका असल्यास जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नोंदणीचं काम पाहणाऱ्यांना विचारता येतं. या सगळ्या कार्यक्रमांसाठी अर्ज साधारण वर्षभर आधी करावे लागतात. त्यानंतर मुलाखती, मग कुटुंबांची जुळवाजुळव, मग व्हिसा. तेव्हा ज्या घरातलं मूल आज नववीत आहे, त्या घरानं हा विषय यंदाच काढावा, आणि त्याच बोलण्यात हेही ठरवावं, की तिकडून येणाऱ्या मुलाला आपल्या घरातलं कोणतं काम द्यायचं.